आधी ड जीवनसत्त्व, मग हाडांचं औषध

अस्थिसुषिरतेचं, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं हाडं ठिसूळ झाल्याचं, निदान झालं आणि औषधाची चिठ्ठी हातात पडली की घरातली चर्चा लगेच दुष्परिणामांवर जाते. या गोळीने जबड्याचं हाड कुजतं म्हणे, या इंजेक्शनने मांडीचं हाडच मोडतं म्हणे, सलाइन लावलं की आठवडाभर अंग ठणकतं म्हणे. यातली एकही गोष्ट निव्वळ अफवा नाही. प्रत्येकीला वैद्यकीय आधार आहे आणि तिचं प्रमाणही मोजलेलं आहे. तरीही या चर्चेतून एक प्रश्न हमखास निसटतो, तो म्हणजे हे औषध ज्या शरीरात जाणार आहे ते शरीर कसं आहे? त्यात ड जीवनसत्त्व पुरेसं आहे का, आहारातून कॅल्शियम मिळतं का, मूत्रपिंडं नीट काम करतात का? हाडांच्या औषधांच्या नावावर जमा होणाऱ्या तक्रारींपैकी बराच, आणि मुख्य म्हणजे टाळता येण्याजोगा, भाग या न विचारलेल्या प्रश्नातून येतो, असं माझं म्हणणं आहे. औषधं निर्दोष आहेत असा याचा अर्थ नाही. पण ड जीवनसत्त्वाची तूट आपल्याकडे इतकी सर्वदूर आहे, की पहिल्या गोळीआधी किंवा पहिल्या इंजेक्शनआधी ती भरून काढणं हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

हे समजण्यासाठी हाड ही जिवंत गोष्ट आहे हे आधी लक्षात घ्यावं लागतं. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींमध्ये. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश हे सगळं त्या एक टक्क्यावर चालतं. म्हणून शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी फार कडक मर्यादेत सांभाळतं. आहारातून कॅल्शियम कमी आलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडायला लावतात. हाड ही या अर्थाने कॅल्शियमची बँक आहे. आतड्यातून भरणा होतो आणि गरज पडेल तशी उचल होते. भरणा करण्याचं काम ड जीवनसत्त्वावर अवलंबून असतं, कारण त्याच्याविना आतडं कॅल्शियम नीट शोषून घेऊ शकत नाही. उचल करण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात. त्या जुनं हाड विरघळवतात आणि त्यांच्यामागून ऑस्टिओब्लास्ट पेशी नवं हाड भरत येतात. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं, उचल भरण्यापेक्षा वाढते आणि वर्षानुवर्षं ही तफावत साचून हाड आतून पोकळ होत जातं.

आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधं नेमकी या उचलीवर बंधन आणतात. बिस्फॉस्फोनेट या गटाची कथा मोठी वेधक आहे. पाण्यातला चुना नळांत साचू नये म्हणून ही रसायनं कारखान्यांत वापरली जात होती. स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांचे सहकारी, शरीरात कॅल्शियम नको तिथे का साचत नाही, याचा शोध घेत होते. त्यांना लघवीत आणि रक्तात पायरोफॉस्फेट सापडलं आणि त्याच्याशी साम्य असलेल्या या रसायनांकडे त्यांचं लक्ष गेलं. १९६९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडातल्या खनिजाला हे औषध घट्ट चिकटतं आणि ते हाड विरघळवू पाहणाऱ्या पेशीला निकामी करतं. ॲलेंड्रोनेट या गोळीला अमेरिकेत १९९५ साली अस्थिसुषिरतेसाठी मान्यता मिळाली. नंतर वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड आलं आणि सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचायचं डेनोसुमॅब आलं. डेनोसुमॅब बिस्फॉस्फोनेट नाही, पण त्याचा रोख त्याच पेशींवर आहे. आधीच मणका मोडलेल्या महिलांत ॲलेंड्रोनेटने खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. झोलेड्रोनिक ॲसिडने तीन वर्षांत मणक्यांचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातली एक व्यक्ती वर्षभरात दगावते आणि वाचलेल्यांतले कित्येक पुन्हा स्वतःच्या पायांवर पूर्वीसारखे चालत नाहीत, हे ध्यानात घेतलं म्हणजे या आकड्यांचं मोल कळतं.

आता भरणा बंद आणि उचलही बंद, अशी स्थिती डोळ्यांसमोर आणा. ड जीवनसत्त्वाची मोठी तूट असलेली व्यक्ती वरवर ठीक दिसते, कारण तिचं रक्त हाडांतल्या कॅल्शियमवर तगून असतं. अशा व्यक्तीला जोरदार मात्रेचं सलाइन किंवा इंजेक्शन दिलं, की हाडातून होणारी उचल काही दिवसांतच थांबते. पॅराथायरॉइड ग्रंथी संदेश पाठवत राहतात, पण तो ऐकणाऱ्या पेशी गप्प झालेल्या असतात. आतड्यातून येणारी आवक आधीच तुटपुंजी. मग रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत आणि हातांत पेटके येतात. घसरण तीव्र असेल तर फिट येऊ शकते, हृदयाची लय बिघडू शकते. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो, कारण ड जीवनसत्त्वाला त्याचं कार्यक्षम रूप मूत्रपिंडात मिळतं. डायलिसिसवरच्या रुग्णांत डेनोसुमॅबनंतर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचं आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्या औषधावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. झोलेड्रोनिक ॲसिडही मूत्रपिंडाची कार्यक्षमता ठरावीक मर्यादेखाली गेलेल्यांना देत नाहीत. या औषधाच्या माहितीपत्रकात, कॅल्शियम कमी असेल तर ते आधी दुरुस्त करा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पत्रक बारीक अक्षरांत घडी घालून खोक्यात पडून राहतं, हे दुर्दैव.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या मोठ्या चाचण्यांवरून ही औषधं सुरक्षित ठरली, त्या चाचण्यांत सहभागी झालेल्यांना औषधासोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं जात होतं. डेनोसुमॅबच्या २००९ सालच्या मुख्य चाचणीत तर रक्तातलं ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमहून कमी असलेल्या महिलांना घेतलंच नव्हतं. म्हणजे त्या औषधाची सुरक्षितता सिद्ध झाली ती तीव्र तूट नसलेल्या, वर पूरक गोळ्या घेणाऱ्या महिलांमध्ये. आपल्याकडची स्थिती काय आहे? दिल्लीत पन्नाशीपुढच्या, निरोगी समजल्या जाणाऱ्या लोकांची तपासणी झाली आणि २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत दहापैकी नऊ जणांत ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी निघालं. देशाच्या इतर भागांतल्या अभ्यासांचा कलही तोच आहे. चाचणीतून ज्यांना वगळलं होतं तशी माणसं आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज रांगेत असणार, हे उघड आहे. औषधाचं परदेशी यश आपल्या रुग्णाला लागू करायचं तर त्या यशाच्या अटीही सोबत आणल्या पाहिजेत.

ड जीवनसत्त्वाच्या तुटीचं दुसरं फसवं रूप म्हणजे ऑस्टिओमलेशिया, अर्थात हाडं मऊ पडण्याचा आजार. मुलांना जो मुडदूस होतो त्याचंच हे मोठ्या माणसांतलं रूप. अस्थिसुषिरता हाड मोडेपर्यंत दुखत नाही. ऑस्टिओमलेशिया मात्र दुखतो. कंबर, बरगड्या, नडग्या ठणकतात, मांड्यांतली ताकद जाते, जमिनीवर बसलेलं माणूस हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो. डेक्सा स्कॅन हाडातलं खनिज मोजतो, पण ते हाडच कमी झाल्यामुळे उतरलं की हाड आहे पण त्यात खनिज भरलं गेलं नाही, हे त्याला सांगता येत नाही. दोन्हींत टी-स्कोअर, म्हणजे या स्कॅनवर येणारा हाडांच्या घनतेचा आकडा, उणे अडीचच्या खाली जाऊ शकतो. ज्येष्ठ नागरिक संघांत आणि सोसायट्यांत टाचेवर यंत्र लावून हाडांची घनता सांगणारी जी शिबिरं भरतात, त्यांतून तर या फरकाचा पत्ताच लागत नाही. त्यांतला आकडा फार तर पुढच्या तपासणीचं निमित्त ठरावा, औषधाची चिठ्ठी त्यावर लिहिली जाऊ नये. परिणामी असं होऊ शकतं, की अंगदुखी ऑस्टिओमलेशियाची, स्कॅनवर निदान अस्थिसुषिरतेचं, उपचार बिस्फॉस्फोनेटचा, आणि सहा महिन्यांनी अंगदुखी तशीच राहिली म्हणून तक्रार गोळीची. रुग्ण गोळी सोडून देतो. त्याला खरी गरज ज्याची होती ते ड जीवनसत्त्व त्याला मिळालेलंच नसतं. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व एकत्र पाहिलं तर हा गोंधळ बहुतेक वेळा सुटतो.

तुटीमुळे औषधाचा गुणही उतरतो. इटलीत दीड हजारांहून अधिक महिलांच्या एका अभ्यासात अस्थिसुषिरतेची औषधं घेणाऱ्यांची तुलना केली गेली. ज्यांच्यात ड जीवनसत्त्वाची तूट होती त्यांच्यात, तूट नसलेल्यांच्या मानाने, औषध चालू असतानाही हाड मोडण्याची शक्यता सुमारे पावणेदोन पट आढळली. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता; तूट असलेल्या महिला इतर बाबतींतही अधिक अशक्त असतील, अशी शंका घेता येते आणि घ्यावीही. पण हाडांचं कामकाज पाहता हा निष्कर्ष अनपेक्षित नाही. नवं हाड भरायला कॅल्शियमच आलं नाही, तर उचल थांबवून घनता वाढणार ती कितीशी?

आता खऱ्या दुष्परिणामांकडे वळतो. ते ड जीवनसत्त्व भरून काढलं तरी पूर्णपणे टळत नाहीत, आणि हे झाकून ठेवणं रुग्णाशी अप्रामाणिकपणाचं ठरेल. झोलेड्रोनिक ॲसिडच्या पहिल्या सलाइननंतर सुमारे तिघांपैकी एकाला ताप, अंगदुखी, थकवा येतो. तो बहुधा तीन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉलने आटोक्यात राहतो आणि दुसऱ्या वर्षी फारच थोड्यांना जाणवतो. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना हा ताप अधिक येतो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. म्हणून तो मुद्दा मी माझ्या बाजूने ओढत नाही. ॲलेंड्रोनेटची गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथे जखम करते. म्हणून ती सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. या औषधाचा एक टक्कासुद्धा रक्तात उतरत नाही. चहा किंवा दुधासोबत घेतलं तर तेवढंही नाही. जबड्याच्या हाडाची गुंतागुंत २००३ साली पहिल्यांदा नोंदली गेली, ती प्रामुख्याने कर्करोगासाठी मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत. अस्थिसुषिरतेच्या मात्रेत तिचं प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतकं सांगितलं जातं. दात काढायचा असेल किंवा हिरड्या बिघडलेल्या असतील तर औषध सुरू करण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन यावं, एवढ्याने हा धोका आणखी कमी होतो.

मांडीच्या हाडाच्या विशिष्ट अस्थिभंगाचा मुद्दा मात्र आपण अधिक गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्याचा वंशाशी संबंध दिसतो. कॅलिफोर्नियातल्या एक लाख ९६ हजार महिलांच्या नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हिशेब असा: दहा हजार गौरवर्णीय महिलांनी तीन वर्षं बिस्फॉस्फोनेट घेतलं तर खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे असे दोन होतात, आशियाई वंशाच्या महिलांत ९१ टळतात आणि आठ होतात. ‘आशियाई’ या शब्दात तिथे अनेक देशांचे लोक येतात, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे मराठी बाईला लावता येणार नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे. फायदा अजूनही धोक्याच्या दहापटींहून मोठा आहे, पण आपल्याकडे हे औषध वर्षानुवर्षं सवयीने चालू ठेवू नये. तीन ते पाच वर्षांनी पुन्हा विचार व्हावा. गोळी बंद केल्यावर हा धोका झपाट्याने उतरतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागलं तर ते ‘वयाचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नये, एक्स-रे काढावा.

एक दुष्परिणाम असाही आहे जो थेट गोळीचा नसतो, गोळीमागून आलेल्या दुसऱ्या गोळीचा असतो. ॲलेंड्रोनेटने जळजळ होऊ लागली की पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल सुरू होतं, आणि आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी एकदा सुरू झाली की ती सहसा सुटत नाही. जठरातलं आम्ल कमी झालं की कॅल्शियम कार्बोनेटचं शोषण घटतं, दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्वही खालावतं, आणि या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत अस्थिभंगाचं प्रमाण काहीसं जास्त असल्याचं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. रुग्ण शाकाहारी असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही घेत असेल तर ब१२ला तिहेरी फटका बसतो. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, माणूस पडतं. हाड पातळ असणं ही अस्थिभंगाची अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे पडणं. पायांतल्या मुंग्यांचं खापर हाडांच्या इंजेक्शनवर फुटतं आणि ब१२ची तपासणी राहून जाते. जळजळ होत असेल तर गोळी बदलून सलाइनचा पर्याय घेता येतो; गोळीवर गोळी चढवणं हा एकमेव मार्ग नाही.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की ड जीवनसत्त्वाने अस्थिभंग टळत नाहीत हे तर आता सिद्धच झालं आहे. अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या चाचणीचा २०२२ सालचा निष्कर्ष असा होता, की अस्थिभंगांत काहीच फरक पडला नाही. हा निष्कर्ष मी मान्य करतो. पण ती माणसं कोण होती हेही पाहिलं पाहिजे. त्यांची निवड तूट असल्यामुळे किंवा हाडं ठिसूळ असल्यामुळे झालेली नव्हती; बहुतेकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व पुरेसं होतं. ज्याला कमतरता नाही त्याला आणखी देऊन उपयोग नाही, एवढंच त्यातून कळतं. कमतरता असलेल्याला हाडांची उचल थांबवणारं जोरदार औषध द्यायच्या आधी काय करावं, या प्रश्नाला ती चाचणी स्पर्शही करत नाही. दुसरा आक्षेप आपल्या सूर्यप्रकाशाचा. एवढं ऊन असलेल्या देशात तूट कशी? आपल्याकडे सकाळच्या कोवळ्या उन्हाचं कौतुक आहे, पण त्वचेत ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण त्या वेळी जमिनीपर्यंत फारच थोडे पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळेचं ऊन कामाचं. त्या वेळी माणूस घरात, कचेरीत किंवा साडीच्या पदराखाली असतो. त्वचा जितकी सावळी तितका वेळ अधिक लागतो, वय वाढलं की त्वचेची ही क्षमताच घटते, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने काहीच साधत नाही.

तिसरा आक्षेप नेमका उलट्या टोकाचा आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो: तूट तूट म्हणत लोक ड जीवनसत्त्वाचा अतिरेक करतात. ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल औषधांच्या दुकानात सहज मिळते. सहा ते आठ आठवडे आठवड्यातून एक घ्यायची असते, आणि पुढे ती कोणी थांबवायला सांगत नाही, किंवा कोणी चुकून रोज घेत राहतं. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम, मूत्रपिंडावर ताण. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २२५६ महिलांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या चाचणीत ड जीवनसत्त्व मिळालेल्यांत पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंगांचं २६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणून ‘एकच मोठं इंजेक्शन घ्या आणि वर्षभर विसरा’ ही पद्धत मला धोक्याची वाटते. तूट आठवड्यांच्या मात्रांनी भरावी, मग रोजच्या छोट्या मात्रेवर यावं. कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू. अमेरिकेतल्या ३६ हजार महिलांच्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एकत्र घेणाऱ्यांत मुतखडे १७ टक्क्यांनी वाढले. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, शिवाय तीळ, दही, पनीर, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी. आहाराने जे भागेल ते भागवून उरलेली कसर तेवढीच गोळीने भरावी. धान्यांतलं फायटेट कॅल्शियम अडवतं, पण नाचणी मोडवून किंवा आंबवून घेतली की ते बरंच कमी होतं. नाचणीसत्त्व करणाऱ्या घरांत ही रीत चालत आलेलीच आहे.

मग दूध, नाचणी आणि ड जीवनसत्त्व यांवरच का थांबू नये, औषध हवंच कशाला? कारण ज्याचा मणका आधीच दबला आहे, ज्याचा टी-स्कोअर फार खाली आहे, त्याच्या हाडांतली उचल केवळ आहाराने थांबत नाही. ॲलेंड्रोनेटच्या त्या चाचणीत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही बहुतेकींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं जात होतं. तरी त्यांच्यात खुब्याचे अस्थिभंग दुप्पट झाले. आहार आणि जीवनसत्त्व हे औषधाच्या आधीचं काम आहे, त्याच्या जागी बसणारं नाही. डेनोसुमॅब घेणाऱ्यांनी तर दुष्परिणामांच्या भीतीने ते मध्येच सोडणं सर्वांत घातक. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं टिकतं, डेनोसुमॅब टिकत नाही. सहा महिन्यांनंतर त्याचा असर ओसरला की दबलेली उचल उसळून येते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडल्याच्या नोंदी २०१६ नंतर झपाट्याने वाढल्या. २०२० च्या टाळेबंदीत इंजेक्शनं लांबली, तेव्हा तज्ज्ञ संस्थांना तातडीने सांगावं लागलं होतं की मागच्या मात्रेला सात महिने उलटू देऊ नका, आणि तसं होणार असेल तर तात्पुरती बिस्फॉस्फोनेटची गोळी सुरू करा. हे इंजेक्शन सुरू करतानाच ते कधी आणि कोणत्या औषधावर उतरवायचं हे ठरलेलं असावं.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. ड जीवनसत्त्वाची तपासणी अनेकांना महाग पडते, तालुक्याच्या गावी ती सहज होतही नाही, आणि हाड मोडलेल्या रुग्णाला ताटकळत का ठेवायचं? प्रत्येक निरोगी माणसाची ही तपासणी करावी असं मीही म्हणत नाही. पण औषध सुरू करताना रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पाहणं स्वस्त आहे आणि बहुतेक ठिकाणी होतं. ड जीवनसत्त्वाचं काय करायचं याचं उत्तर एका नामांकित चाचणीतच आहे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या २१२७ रुग्णांना झोलेड्रोनिक ॲसिड किंवा निष्क्रिय सलाइन देण्याची ही चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्यांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. या चाचणीत ज्यांचं ड जीवनसत्त्व कमी होतं, किंवा ज्यांची तपासणी उपलब्धच नव्हती, त्यांना सलाइनच्या दोन आठवडे आधी ड जीवनसत्त्वाची भरघोस मात्रा दिली गेली होती. नंतरच्या विश्लेषणात असंही दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत सलाइन लावलेल्यांना त्याचा फारसा लाभ झाला नाही. लाभ झाला तो त्यानंतर लावलेल्यांना. तेव्हा घरच्यांनी घाई केली आणि डॉक्टर म्हणाले, ‘आधी ड जीवनसत्त्व देऊ, दोन आठवडे जाऊ द्या, मग सलाइन लावू’, तर त्या दोन आठवड्यांत रुग्णाचं काही बुडत नाही. ज्या चाचणीच्या भरवशावर हे औषध त्याला दिलं जातं आहे, त्या चाचणीतही ते असंच दिलं गेलं होतं.